पालीने अन्न सोडले तेव्हा : एका उपवासाचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
काचेच्या पेटीतील लेपर्ड गेको जातीची पाल समोर फिरणाऱ्या रातकिड्याकडे पाहते, मान किंचित उचलते आणि पुन्हा दगडाखाली जाऊन बसते. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस हाच क्रम चालतो. पाळणाऱ्याच्या मनात मग दुसरीच पाल चुकचुकू लागते : ही खात का नाही? प्रश्न घरगुती वाटतो. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला. या उत्तराच्या वाटेवर एक ग्रीक तत्त्वज्ञ, एक इंग्रज धर्मोपदेशक, सिंहाचे लंगडणारे बछडे, सतत आजारी असणारी एक तरुण विदुषी आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरडे भेटतात. हा धागा त्या वाटेचा.

२/
आरंभ प्राचीन ग्रीसमध्ये होतो. पाल कात टाकते आणि टाकलेली कात लगेच गिळून टाकते, हे तेथील लोकांनी पाहिले होते. ही कात अपस्मारावर, म्हणजे फेफऱ्यावर, औषध आहे अशी त्यांची समजूत होती. या दोन गोष्टी जोडून लोकांनी निष्कर्ष काढला की, माणसाला औषध मिळू नये म्हणून पाल मत्सराने कात खाते! पुढे रोमन लेखक प्लिनी याच्या ग्रंथातही ही समजूत उतरली.

३/
ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस (इ. स. पू. सुमारे ३७१ ते २८७) याने ‘मत्सरी’ म्हटल्या जाणाऱ्या प्राण्यांवर स्वतंत्र लेखन केले होते. ते लेखन लुप्त झाले. नवव्या शतकातील बायझंटाइन पंडित फोटिओस याने केलेला त्याचा सारांश तेवढा उरला. थिओफ्रास्टसचे म्हणणे असे की, माणसाला कशाचा उपयोग होतो हे बुद्धिहीन प्राण्याला ठाऊक असणे शक्य नाही. म्हणून त्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वतःच्या प्रकृतीत शोधावे. पालीच्या भुकेविषयीचा हा बहुधा सर्वांत जुना शहाणपणाचा विचार होय.

४/
पालीच्या वागण्यात स्वतःसाठी संदेश शोधण्याची सवय ग्रीकांपुरती मर्यादित नव्हती. महाराष्ट्रातील पंचांगांत ‘पल्लीपतन’ या शीर्षकाखाली पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली तर कोणते फळ मिळते, याची कोष्टके छापली जात. पालीच्या चुकचुकण्याला शकुन मानण्यातून ‘मनात पाल चुकचुकणे’ हा वाक्प्रचार मराठीत रुळला. पाल माणसाविषयी काय सांगते, याचा विचार भरपूर झाला. पाल स्वतःविषयी काय सांगते, हे विचारण्यास मात्र फार उशीर झाला.

५/
कातीचे खरे कारण आज ठाऊक आहे. जुन्या त्वचेतील पोषक द्रव्ये वाया जाऊ नयेत आणि भक्ष्यकाला मागमूस लागू नये, ही त्यामागची सर्वसाधारण स्पष्टीकरणे आहेत. लेपर्ड गेकोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कात टाकण्याआधी तिचा रंग फिका, दुधट होतो आणि एक-दोन दिवस ती अन्नाला तोंड लावत नाही. कात उतरली की भूक परत येते. हा उपवास पूर्णतः निरोगी असतो. मात्र पेटीतील हवा फार कोरडी असेल, तर बोटांवर आणि डोळ्यांभोवती कात अडकते. मग भक्ष्य नीट न दिसल्यामुळे खाणे थांबते.

६/
पुढचा टप्पा इंग्लंडमधील सेलबर्न या खेड्यातला. गिल्बर्ट व्हाइट हा तेथील धर्मोपदेशक होता. १७८० च्या मार्चमध्ये, मावळलेल्या आत्याकडून वारशाने आलेले एक कासव त्याने आणले. त्याचे नाव टिमोथी. हिवाळ्यासाठी मातीत पुरून घेतलेल्या या कासवाला उकरून काढून सुमारे ऐंशी मैल घोडागाडीने आणण्यात आले. प्रवासाच्या धक्क्यांनी ते जागे झाले, बागेत दोनदा फिरले आणि संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत शिरले.

७/
कासव म्हणजे पाल नव्हे; पण दोघेही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातले आणि दोघांच्याही शरीराची ऊब बाहेरून येणारी. व्हाइटने वर्षानुवर्षे टिमोथीच्या भुकेची नोंद ठेवली. वसंतात जागे झाल्यावर त्याला अन्नाची इच्छा फार थोडी असे. ऐन उन्हाळ्यात ते अधाशासारखे खाई. उन्हाळा उतरू लागला की भूकही उतरे आणि शरद ऋतूच्या अखेरच्या सहा आठवड्यांत ते जवळजवळ काहीच खात नसे. त्या दिवसांत ते भिंतीला टेकून आपली ढाल तिरपी धरी, म्हणजे दुबळ्या उन्हाचा प्रत्येक किरण अंगावर पडे.

८/
१७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हाइटच्या ‘सेलबर्नचा निसर्गेतिहास’ या ग्रंथात ही निरीक्षणे आली. आजच्या भाषेत सांगायचे तर, भूक आणि ऊब यांचा संबंध त्याने नोंदवून ठेवला होता. परंतु त्यातून बंदिवासातील प्राण्यांसाठी काही नियम निघू शकतो, हे त्याच्या काळी कोणाच्या ध्यानात आले नाही. शतकभर ही नोंद वाचकांना केवळ एका विक्षिप्त कासवाची गंमत वाटली.

९/
१८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातील पहिले स्वतंत्र दालन उघडले. आता साप, सरडे, पाली हे प्राणी मोठ्या संख्येने माणसाच्या देखरेखीखाली येऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर तो जुना प्रश्नही आला. दूरदेशाहून आलेले प्राणी आठवडेच्या आठवडे अन्नाला शिवत नसत आणि एक दिवस मेलेले आढळत. ‘नवीन जागेचा राग’, ‘हट्ट’, ‘खिन्नता’ अशी कारणे सांगितली जात. थिओफ्रास्टसने नाकारलेला मत्सर आता हट्टाच्या रूपाने परत आला होता.

१०/
याच सुमारास या कथेच्या नायिकेचे शास्त्रीय बारसे झाले, आणि तेही भारतात. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ याने १८५४ मध्ये पंजाबातील सॉल्ट रेंज या डोंगररांगेतील, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील, एका ठिपकेदार पालीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे आजचे शास्त्रीय नाव ‘युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस’. त्यातील ‘युब्लेफॅरिस’ ही प्रजाती जॉन एडवर्ड ग्रे याने १८२७ मध्येच स्थापली होती. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चांगली पापणी’. घरातल्या भिंतीवरच्या पालीला हलणाऱ्या पापण्या नसतात, हिला असतात. हिच्या बोटांना भिंतीवर चिकटण्याची सोय मात्र नाही. ही जमिनीवरची, दगडांच्या फटीत राहणारी पाल.

११/
तिचे मूळ घर समजले की तिच्या भुकेचे अर्धे कोडे सुटते. कोरडा खडकाळ प्रदेश, दिवसा दगडाखालची ऊब, संध्याकाळी आणि रात्री शिकार, आणि थंडीच्या महिन्यांत बिळात दीर्घ विश्रांती. सुकाळात खाल्लेल्या अन्नाची चरबी ती शेपटीत साठवते. म्हणूनच निरोगी लेपर्ड गेकोची शेपटी जाड, गुबगुबीत असते आणि प्रौढ प्राणी काही आठवडे अन्नावाचून तग धरू शकतो. शेपटी हे तिचे धान्याचे कोठार होय. ते किती रिकामे झाले, यावरून धोका कळतो.

१२/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न खाणाऱ्या प्राण्यावरचा उपाय एकच होता : बळजबरी. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत याने सर्पविषावरील प्रतिविषाचा पाया घातला. त्यासाठी लील येथील पाश्चर संस्थेत विषारी साप पाळावे लागत, आणि बंदिवासात ते खाण्यास नकार देत. साप मेला की विषही संपले. म्हणून सापाचे तोंड उघडून नळीवाटे फेटलेले अंडे पोटात उतरवण्याची रीत तेथे वापरली जाई. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सर्पविषांवरील ग्रंथात तिचे वर्णन आहे.

१३/
या रीतीला निव्वळ क्रौर्य म्हणता येणार नाही. त्या विषातून माणसांचे प्राण वाचवणारे औषध तयार होत होते. परंतु तिने प्रश्न बाजूला सारला. अन्न पोटात गेले, पण ते नाकारले का जात होते, हे अज्ञातच राहिले. शिवाय थंड शरीरात बळेच घातलेले अन्न पचत नाही. ते तसेच पडून राहते, कुजते, आणि मदतीच्या हेतूने केलेली कृती प्राण्याला मारूही शकते.

१४/
कारणांपर्यंत जाणारी पहिली मोठी वाट सिंहांनी दाखवली. १८८९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे बछडे मुडदुसाने पंगू होऊन मरत होते. शल्यचिकित्सक जॉन ब्लंड-सटन यांना पाचारण करण्यात आले. बछड्यांना जवळजवळ हाडांवाचूनचे, चरबी नसलेले मांस मिळते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देण्यास सांगितले. तीन महिन्यांत रोगाची लक्षणे गेली आणि बछडे वाढीला लागले.

१५/
असे का घडले, हे कळण्यास आणखी तीस वर्षे लागली. १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून मुडदुसाचा आहाराशी संबंध दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील किरणांच्या दिव्याखाली बरी करून दाखवली. तेलातले द्रव्य आणि उन्हाने त्वचेत तयार होणारे द्रव्य एकच कार्य करते, हे पुढे स्पष्ट झाले. त्याला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

१६/
पालीच्या भुकेशी याचा थेट संबंध आहे. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडले की तिची हाडे मऊ होतात, आणि त्यांत जबड्याचे हाडही आले. अशा पालीला भूक असते; तिला चावता येत नाही. ती भक्ष्यावर झेप घेते, पकडते आणि सोडून देते. पाहणाऱ्याला वाटते की तिला हे अन्न आवडत नाही. रातकिड्यांच्या शरीरात कॅल्शियम फार थोडे असते, म्हणून त्यांवर कॅल्शियमची भुकटी लावून देण्याची आजची पद्धत पडली. तिची मुळे त्या बछड्यांसाठी कुटलेल्या हाडांपर्यंत जातात.

१७/
या ज्ञानाचा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वापर करणाऱ्यांमध्ये अग्रणी होती जोन बोशाम्प प्रॉक्टर. जन्म १८९७, लंडन. बालपणापासून आतड्यांच्या दीर्घ विकाराने ती ग्रस्त होती आणि त्यामुळे विद्यापीठात जाता आले नाही. घरी मात्र पाल-सरडे होते. सोळाव्या वर्षी तर तिने मगरीचे पिल्लू पाळले आणि एकदा शाळेच्या वर्गातही नेले. ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज बुलाँझे यांच्या हाताखाली काम शिकून १९२३ मध्ये ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची अभिरक्षक झाली.

१८/
१९२७ मध्ये उघडलेले तेथील नवे दालन तिच्या आराखड्यावर उभे राहिले. एकाच दालनात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी ऊब देणारी विजेची व्यवस्था त्यात होती. साध्या खिडकीची काच मुडदूस टाळणारे किरण अडवते; म्हणून ते किरण आत येऊ देणारी खास काच वापरण्यात आली. प्रेक्षकांची बाजू अंधारी आणि प्राण्यांची बाजू उजळ ठेवली, त्यामुळे प्राण्यांना माणसांचा त्रास कमी झाला. ऊब, ऊन आणि आडोसा या तिन्ही गोष्टी भुकेच्या आधी येतात, हे त्या इमारतीच्या रचनेतच मांडलेले होते.

१९/
त्याच वर्षी इंडोनेशियातून दोन कोमोडो ड्रॅगन लंडनला आले. महाकाय आणि हिंस्र म्हणून गाजलेल्या या घोरपडीच्या भाईबंदांपैकी ‘सुंबावा’ नावाचा प्राणी प्रॉक्टरच्या हातून अंडी, कबुतरे, कोंबड्या खाऊ लागला. १९२८ मध्ये तिने तो शास्त्रज्ञांच्या सभेपुढे मोकळा आणला. तोपर्यंत तिचे स्वतःचे शरीर थकत चालले होते. शेवटच्या काळात ती विजेच्या खुर्चीवर बसून संग्रहालयात फिरे. १९३१ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली होती.

२०/
तरीही ऊब नेमकी किती हवी, हे अद्याप अनुमानानेच ठरे. सरपटणारे प्राणी ‘शीतरक्ताचे’; त्यांचे शरीर भोवतालच्या हवेइतके गार वा गरम, असे पाठ्यपुस्तके सांगत. अमेरिकेत रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील प्राण्यांची शरीरे किती तापतात, हे प्रत्यक्ष मोजले. १९४४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ही समजूत ढासळली.

२१/
त्यांना आढळले की, सरडा ऊन-सावलीत ये-जा करून, अंग जमिनीला टेकवून वा उचलून, आपले तापमान एका ठरावीक पट्ट्यात राखतो. प्रत्येक जातीचा पट्टा वेगळा. त्या पट्ट्याच्या खाली प्राणी सुस्त होतो, शिकार करीत नाही, पचवूही शकत नाही. वरची मर्यादा ओलांडली तर लवकरच मरतो. गिल्बर्ट व्हाइटच्या कासवाने भिंतीला टेकून केलेली कसरत आता आकड्यांत मांडली गेली. काउल्स यांनी पुढे सरड्यांना चक्क फरचे कोट घालून पाहिले. कोटामुळे ऊब टिकण्याऐवजी बाहेरची ऊब शरीरापर्यंत पोहोचणेच कठीण झाले.

२२/
या शोधाने पेटीची कल्पना बदलली. सर्वत्र सारखी ऊब असलेली पेटी सरड्याला निवड नाकारते. एक कोपरा उबदार, दुसरा थंड, आणि दोन्हीकडे लपण्याची जागा, ही आजची रचना त्या वाळवंटी मोजमापांतून आली. लेपर्ड गेकोसाठी उबदार बाजूच्या जमिनीचे तापमान साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूचे २५ च्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. पाल खात नसेल तर जाणकार प्रथम तापमापक मागतात, ते याच कारणाने.

२३/
१९७० च्या दशकात आणखी एक पडदा उघडला. मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांना जिवाणूंची लागण केली. आजारी सरडे नेहमीपेक्षा सुमारे दोन अंश अधिक गरम जागा निवडू लागले. म्हणजे हालचालीतून त्यांनी स्वतःला ताप आणला. १९७५ च्या प्रयोगात, गरम ठेवलेले आजारी सरडे जगण्याचे प्रमाण थंड ठेवलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले. आजारी पालीकडून उबदार कोपरा काढून घेणे म्हणजे तिचे औषध काढून घेण्यासारखे आहे.

२४/
१९७९ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासाने उपवासाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. लागण झालेल्या उंदरांना निरोगी उंदरांइतके अन्न बळेच भरवले, तेव्हा ते अधिक संख्येने आणि लवकर मेले. आजारात भूक मंदावणे ही काही काळ शरीराची संरक्षणाची चाल असू शकते, असा अर्थ त्यातून निघाला. उंदरावरचा निष्कर्ष पालीला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही काल्मेतच्या काळातील नळी आज पशुवैद्यकाच्या हातीच का शोभते, आणि तीही निदानानंतर, ऊब व पाणी दिल्यानंतरच का, हे त्यातून समजते.

२५/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेपर्ड गेको युरोप-अमेरिकेतील घराघरांत पोहोचली. ती लहान, शांत, पेटीत सहज प्रजनन करणारी. तिच्या अंड्यांनी शास्त्रज्ञांनाही चकित केले : पिल्लू नर की मादी, हे अंडे उबवण्याच्या तापमानावर ठरते. सुमारे २६ अंशांना जवळजवळ सर्व माद्या, ३२ ते ३३ अंशांना बहुसंख्य नर, आणि आणखी वर पुन्हा बहुतांश माद्या. ज्या प्राण्याचे लिंगही उष्णता ठरवते, त्याची भूक उष्णतेवर अवलंबून असावी, यात नवल नाही.

२६/
लोकप्रियतेबरोबर दाटी आली, आणि दाटीबरोबर रोग. १९०७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अर्नेस्ट टायझर यांनी उंदराच्या जठरात क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी शोधला होता. दीर्घकाळ तो केवळ कुतूहलाचा विषय राहिला. १९७० च्या दशकात तो सापांत आणि माणसांत रोग घडवतो हे दिसले. १९९३ मध्ये मिलवॉकी शहराच्या पाणीपुरवठ्यातून त्याची लागण झाली आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले.

२७/
त्याच परजीवीच्या कुळातील जाती पालींच्या आतड्यांत घर करतात. २००३ मध्ये पशुवैद्यकांनी लेपर्ड गेकोंच्या एका समूहातील या रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. भूक मंदावते, जुलाब होतात, वजन उतरते आणि ती गुबगुबीत शेपटी काडीसारखी होते. यावर खात्रीचा उपाय आजही नाही. म्हणूनच नवा प्राणी जुन्यांपासून काही आठवडे वेगळा ठेवणे आणि विष्ठेची तपासणी करून घेणे हे नियम रूढ झाले. या उपवासात वाट पाहणे प्राणघातक ठरते, आणि एका पालीची हयगय साऱ्या समूहाला भोवते.

२८/
अशा रीतीने न खाणाऱ्या पालीसमोर विचारायच्या प्रश्नांची क्रमवारी इतिहासानेच लावून दिली आहे. कात जवळ आली आहे का? ऋतू कोणता, आणि प्राणी प्रौढ नर वा अंड्यावर आलेली मादी तर नाही? पेटी नवी आहे का? उबदार बाजू खरोखर उबदार आहे का, की तो केवळ अंदाज आहे? लपायला जागा आणि ओलसर आडोसा आहे का? जबडा मऊ, पाय वाकडे दिसतात का? सुट्या वाळूवर ठेवल्याने ती पोटात जाऊन आतडे तर अडले नाही? आणि अखेरीस : शेपटी बारीक होते आहे का?

२९/
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांपेक्षा ग्रॅम मोजणारा काटा चांगले देतो. दर आठवड्याला वजन नोंदवलेले असेल, तर निरोगी उपवास आणि आजार यांतील फरक कागदावर दिसतो. वजन स्थिर असलेला प्रौढ प्राणी काही आठवडे खात नसला तरी सहसा धोका नसतो; स्वच्छ पाणी, योग्य ऊब आणि शांतता पुरते. न खाल्लेले रातकिडे मात्र रात्रभर पेटीत ठेवू नयेत. ते निपचित पालीला चावतात. वजन दहाव्या हिश्शाने उतरले, डोळे खोल गेले, उलटी वा जुलाब झाले, किंवा प्राणी पिल्लू असून काही दिवस उपाशी असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेला पशुवैद्यक हाच मार्ग.

३०/
महाराष्ट्राचा या कथेशी खरा संबंध आहे. लेपर्ड गेकोची एक सख्खी जात, ‘युब्लेफॅरिस फस्कस’, महाराष्ट्र आणि गुजरातच्या कोरड्या टापूंत राहते. आणखी एक जात सातपुड्यातून २०१४ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झाली. तिचे नावच ‘सातपुरेन्सिस’. या निरुपद्रवी पालींना विषारी समजून अनेकदा ठेचले जाते. भारतातील अनेक मूळ सरपटणाऱ्या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. रानातून उचलून पेटीत आणलेली पाल बहुतेकदा पहिली गोष्ट करते ती अन्न सोडण्याची. तिच्यासाठी सर्वांत योग्य उपचार म्हणजे तिला तिच्या दगडाखाली राहू देणे.

३१/
आणि टिमोथी? गिल्बर्ट व्हाइट १७९३ मध्ये गेला. कासव पुढच्या वर्षी. त्याची ढाल आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जतन केलेली आहे. ती तपासल्यावर कळले की टिमोथी मादी होती. तेरा वर्षे जवळून पाहूनही व्हाइटला हे समजले नव्हते. मात्र ते कासव केव्हा खाते, केव्हा थांबते आणि त्या वेळी ऊन किती असते, हे त्याने टिपून ठेवले, आणि ती नोंद दीडशे वर्षांनी वाळवंटातल्या तापमापकानेही खरी ठरवली.